बटर माझ्यावरच का भुंकतो

मानवत
१४ जुलै

सुकेशनी,

तुझं कुत्रं पोचलं. एवढं कळवायला हे पत्र लिहितेय, दुसरं काही नाही. तुझा नंबर मी सात वर्षांपूर्वी ब्लॉक केला, तो आता एका कुत्र्यासाठी सुरू करावा असं मला वाटत नाही. पत्ता त्याच्या लसीच्या पुस्तिकेवर सापडला. अक्षर ओळखशीलच, तुला बाराखडी मीच गिरवायला लावली होती.

दादा मला म्हणाले होते, परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. मी सकाळी उठून डबा केला, त्यांना एसटीत बसवलं आणि शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघते तर दादा ओट्यावर बसलेले आणि मांडीवर पांढरंशुभ्र काहीतरी. मला वाटलं, मोंढ्याच्या बाजारातून कापूस आणला की काय. तेवढ्यात कापूस माझ्यावर भुंकला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोळ्यांचा डॉक्टर नव्हताच. तू स्टेशनवर आलीस, बापलेक बाकड्यावर दीड तास बसलात, माझा डबा दोघांनी मिळून खाल्लात आणि तू पुढच्या गाडीनं परत गेलीस. मेथीची भाजी छान झाली होती, असं तू म्हणालीस म्हणे. ती तुझ्यासाठी केलेली नव्हती.

तुमच्या सोसायटीनं भुंकण्यावरून नोटीस दिली, तू आणि अनिरुद्ध दुसरं घर बघताय, तोवर कुत्रं इथं राहील, हे मला दादांनी सांगितलं. मला विचारलं नाही, सांगितलं. या घराचं वीजबिल माझ्या नावावर येतं, पण कोण राहायला येणार ते अजून पुण्याहून ठरतं.

आता या बटरबद्दल. कुत्र्याचं नाव बटर! दादा त्याला बटरराव म्हणतात. तांब्याएवढं जनावर, पण आवाज असा की गल्लीत कुणाकडे चोर शिरलाय असं वाटावं. दूधवाल्याची सायकल आली की भुंकतं, कुकरची शिट्टी झाली की भुंकतं, दादांचा फोन वाजला की भुंकतं. आणि मी शाळेतून आले की माझ्यावर भुंकतं. माझ्याच घरात.

दादा त्याला आपल्या ताटातली भाकरी कुस्करून देतात. दुपारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसतात. पंचेचाळीस वर्षांत माझ्या डोक्यावरून असा हात फिरवल्याचं मला आठवत नाही. माय होती तेव्हा नाही, माय गेल्यावर नाही. मी चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले की दादा, ह्याचं काहीतरी बघा, मला वह्या तपासता येत नाहीत. तर ते म्हणाले, "त्याला काढायचं असंल तर मला बी काढ."

माय गेल्यापासून सात वर्षं मी त्यांचं बघतेय, सुकेशनी. चार दिवसांत तुझं कुत्रं त्यांना माझ्याहून जवळचं झालं. अश्विन पौर्णिमेला पावसाळ्याचा वर्षावास संपेल. तोवर मी ठेवते. त्यानंतर घेऊन जा, नाहीतर मी पाथरीच्या जीपमध्ये बसवून देईन, जाईल तिकडे जाईल.

धम्मशीला


मानवत
२३ जुलै

सुकेशनी,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मागितलंही नव्हतं.

ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि तुझ्या लाडक्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या, मधे मी, आणि पिशवीत हा. म्हशीवर भुंकला. म्हशीनं बघितलंसुद्धा नाही. शेळीवाला मला म्हणाला, "मॅडम, ही कुठली शेळी म्हनायची?" अख्खी रांग हसली. त्यात माझ्या दोन विद्यार्थिनींचे बाप होते.

डॉक्टर नवीन आल्यात, निकिता मॅडम, परभणीच्या कॉलेजातून शिकून निघालेल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी त्याचे कान बघितले, दात बघितले आणि म्हणाल्या, "तब्येत झकास हाय. लहान जातीचं कुत्रं हाय मॅडम, अंग एवढंसं, मग सगळं आवाजावर भागवायचं. तुमी काय करता तो भुंकल्यावर?"

मी म्हणाले, गप बस म्हणून ओरडते.

"मंग त्याला वाटतं, मॅडम बी आपल्यासोबत भुंकायल्यात. त्याला लय हुरूप येतो."

दादा सोबत होते. हे वाक्य त्यांनी घरी येईपर्यंत आपल्या दोस्ताला, भगवानरावांना, किराणावाल्याला आणि मोंढ्यातल्या तिघांना ऐकवलं होतं.

मॅडमनी सांगितलं की तो भुंकतो त्यामागं प्रत्येक वेळी कारण असतं. काही भीतीनं, काही कंटाळ्यानं, काही नुसतं सांगायला की कुणीतरी आलंय. कारण कळल्याशिवाय भुंकणं थांबत नाही. म्हणून वही करायची. मी मास्तरीण, मला वही करायला सांगायची गरज नव्हती. रकाने पाडले: वेळ, कोण आलं, किती वेळ भुंकला, नंतर काय केलं.

आठ दिवसांत निम्मं निवळलं, हे मान्य करते. रस्त्याकडच्या खालच्या खिडकीला मी वर्तमानपत्र चिकटवलं, तेव्हापासून दूधवाला सुखानं येतो. कुकर लावायच्या आधी दादा त्याला भाकरीचा तुकडा चघळायला देतात, शिट्टी झाली तरी तो मान वर करत नाही. गप्प राहिला की लगेच शाबासकी द्यायची, भुंकत असताना द्यायची नाही, हे मॅडमनी बजावलं होतं. शाळेतल्या पोरांनाही हेच लागतं.

राहिलं काय, तर फोन आणि मी.

दादा मोंढ्यात जन्मभर मापाडी होते, त्यांना मोजल्याशिवाय राहवत नाही. ते ओट्यावरून ओरडतात, "शीला, बाकीच्यांवर तो लय येळ भुंकायचा. तुला दोन. मोजून दोन." खरंच आहे. मी दारातून आत येते, दादांना जयभीम घालते, पिशवी खाली ठेवते, की हा समोर येऊन दोनदा भुंकतो. भुक्, भुक्. मग गप्प. मग माझ्या हाताकडे बघत बसतो, मी काठी आणली का ते बघत असावा.

शेजारच्या केशरबाई दिवसातून चार वेळा येतात, त्यांच्यावर तो भुंकत नाही. भगवानराव येतात, त्यांच्यावर नाही. त्याला जेवण मी घालते, त्याची घाण मी काढते, परवा त्याच्या पायातला काटाही मीच काढला. आणि भुंकायचं ते माझ्यावर. तू त्याला माझ्याबद्दल काय सांगून ठेवलंयस कोण जाणे.

धम्मशीला


मानवत
१० ऑगस्ट

सुकेशनी,

हे पत्र मी रागात लिहितेय आणि फाडणार नाही.

काल श्रावण पौर्णिमा होती. आमच्या महिला मंडळाचं वर्षावासाचं वाचन दर पौर्णिमेला कुणाच्या तरी घरी असतं, काल माझ्याकडे होतं. सगळं घर मी दोन दिवस राबून लख्ख केलं. पांढऱ्या चादरी अंथरल्या, मूर्तीपुढे फुलं मांडली, खीर केली. बटरला दादांच्या खोलीत कोंडा म्हटलं, तर दादा म्हणाले, तो रडतो. शेवटी तो बाहेरच, त्यांच्या मांडीवर बसला.

पहिल्या आल्या दगडाबाई. वय ऐंशी, मंडळात सगळ्यांत थोर. उंबऱ्यात उभं राहून हात जोडून म्हणाल्या, "जयभीम, शीला." बटर दादांच्या मांडीवरून उडी मारून आला आणि त्यांच्या तोंडावर भुंकला. दोनदा. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई, दोनदा. मग मानेबाई, मग त्यांची सून, मग सोनपेठहून मुद्दाम आलेल्या कांबळे मॅडम. एकेक बाई येते, जयभीम घालते आणि हा जणू हजेरी घेतो. बावीस बाया आल्या. दादा कोपऱ्यात बसून मोजत होते, चव्वेचाळीस!

हे कमी होतं म्हणून वाचन चालू असताना भगवानराव आले. शेतकरी माणूस, चिखलाचे पाय, हातात दादांसाठी हिरव्या मुगाच्या शेंगा. दारातून म्हणाले, "राम राम, लिंबाजीराव." आणि तुझं कुत्रं शेपूट हलवत त्यांच्या पायात जाऊन लोळलं.

वाचन थांबलं. दगडाबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. "कामून गं शीला," त्या म्हणाल्या, "ह्या कुत्र्याला बी कळायलंय का, कोन कुठलं ते?"

बाया हसल्या. मीही हसले. पण कुणाच्या पोटातून हसू आलं नाही. आपल्याला हे माणसांकडून ठाऊक आहे, सुकेशनी. पाण्याचा पेला वरून ओतणारी माणसं तूही बघितलीस. माझ्याच घरात, माझ्याच मंडळासमोर, चार पायांच्या जनावराकडून हे बघायला लागेल असं मला वाटलं नव्हतं. खीर कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

आता मी विचारतेच. कुठे वाढलं हे कुत्रं? तुझ्या सासरी. कुणाच्या हातचं खाऊन वाढलं? तुझ्या सासूच्या. नऊ वर्षांपूर्वी तू त्या घरात गेलीस तेव्हा दादा पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि मग तुला माफ करून मोकळे झाले. मी झाले नाही. तू म्हणायचीस, ताई, ती माणसं तशी नाहीत. माणसं गोड बोलायला शिकतात. कुत्र्याला लपवता येत नाही.

लोक मला अजून विचारतात, सुकेशनी माय गेल्यावरच्या पुण्यानुमोदनालाही आली नाही का? मी काही बोलत नाही.

अश्विन पौर्णिमा वगैरे राहू दे. या महिनाअखेर त्याला घेऊन जा. दादांना काय सांगायचं ते तू सांग, त्यांना तुझं सगळं पटतं.

धम्मशीला


मानवत
२१ ऑगस्ट

सुकेशनी,

बटर जातिवंत नाही. म्हणजे जात पाळणारा नाही. माझी चूक झाली, आणि कशी झाली ते मला लिहिलंच पाहिजे, कारण मागचं पत्र तुला पोचलं असणार.

निकिता मॅडमना मी वही दाखवायला नेली. खरं तर मला त्यांच्याकडून लिहून हवं होतं की हे कुत्रं सुधारणार नाही. त्यांनी सगळी पानं वाचली, पेन्सिलीनं सगळ्या 'दोनदा'भोवती गोल केले आणि विचारलं, "ह्या बाया आल्यावर काय बोलल्या?"

मी म्हणाले, काय बोलणार, जयभीम म्हणाल्या.

"आन तुमी शाळंतून आल्यावर?"

"जयभीम दादा म्हणते."

"फोन आल्यावर दादा काय म्हनतात?"

मी वहीकडे बघितलं. दादा फोन उचलला की हॅलो म्हणत नाहीत, जयभीम म्हणतात. तो फोनच्या घंटीवर भुंकतो असं मी वहीत लिहिलं होतं. घंटी वाजत असताना तो भुंकतच नाही, उचलल्यावर भुंकतो. मी नीट बघितलं नव्हतं, आणि मी पोरांना निरीक्षण शिकवते.

त्याच संध्याकाळी मॅडम घरी आल्या. दारातून "नमस्कार" म्हणाल्या, बटर गप्प. मग त्यांनी भगवानरावांना बोलावून आणायला सांगितलं. भगवानराव आले, राम राम केला, बटर गप्प. मॅडम त्यांना म्हणाल्या, आता त्याला जयभीम म्हणा. भगवानराव जरा संकोचले. "म्हनतो की, चौदा एप्रिलला दरसाली म्हनतो," असं म्हणून ते खाली वाकले, हात जोडले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "जयभीम, बटरराव."

भुक्, भुक्.

दादा टाळ्या पिटायला लागले. मी लगबगीनं दगडाबाईंकडे गेले, त्यांना हाताला धरून आणलं आणि म्हणाले, तुम्ही त्याला नुसतं बोला, काहीही बोला, जयभीम सोडून. त्या म्हणाल्या, "काय रं मुडद्या, त्या दिशी माझ्यावर भुंकलास व्हय?" तो शेपूट हलवत बसला. मग जयभीम म्हणाल्या. दोनदा भुंकला आणि त्यांच्या हाताकडे बघायला लागला.

"हाताकडं बगा," मॅडम म्हणाल्या. "तो खाऊ मागायलाय. ह्याला कुनीतरी बसून शिकवलंय, लय दिवस शिकवलंय. दोन शब्दाला दोन. हे भुंकनं न्हाई मॅडम. हे उत्तर हाय."

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं माय," त्या म्हणाल्या, "ह्यो तर आपलाच निघाला. आन आपन त्याला उपाशी ठिवलं." त्या दिवसापासून मंडळातल्या बाया कंबरेला फुटाण्याची पुडी लावून येतात आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणतात. मानेबाईंचा नातू तर शाळेत जाताना रोज दारातून ओरडून जातो. तुझ्या कुत्र्याला या गल्लीत माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात.

तर हे तू शिकवलंस. दुसरं कोण शिकवणार? आधी मला रागच आला. आपल्या माणसांनी हा शब्द तोंडातून काढायला मार खाल्लाय, तो काय शेकहँड आहे का कुत्र्याला शिकवायला? दोन दिवस मी हेच घोकत होते.

मग मला दुसरं सुचलं. तू त्या घरात सकाळी उठून म्हणत असशील आणि कुणी ओ देत नसेल. सगळे मान खाली घालून चहा पीत असतील. म्हणून तू कुत्र्याकडून उत्तर घ्यायला शिकलीस. हे सुचल्यावर मला काय वाटलं ते लिहू का? मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं. चूल पेटवताना मी गाणं गुणगुणत होते, दादांनी विचारलं, आज काय विशेष?

तुला सगळं माझ्याआधी मिळालं, सुके. रंग तुला मिळाला, केस तुला मिळाले. पूर्णेचे पाहुणे मला बघायला आले होते, आठवतं? तू पाण्याचा तांब्या घेऊन आत आलीस, बस. चार दिवसांनी निरोप आला, धाकटीचं करायचं असेल तर कळवा. तू त्यांना नाही म्हणालीस. त्याचाही मला रागच आला, की माझ्या हाताला जे स्थळ लागलं नाही, ते तू हातातला कचरा झटकावा तसं झटकलंस. मग पुणे, मग नोकरी, मग आपल्या पसंतीचा नवरा. मी कधी कुणाला पसंत केलं नाही असं नाही, पण ते मी कुणाला सांगितलं नाही, आता तुलाही सांगत नाही. म्हणून त्या सुंदर फ्लॅटमध्ये तुला एका शब्दाचं उत्तर मिळत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

खरं आहे का ते? या वेळी उत्तर दे.

धम्मशीला


मानवत
३ सप्टेंबर

सुके,

तुझं पत्र परवा मिळालं. दादा ओट्यावर होते, पोस्टमननं त्यांच्या हातात दिलं, त्यांनी पाकीट फोडलं नाही, माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की तुझी वाक्यं मला पाठ झाली आहेत. तरी इथे उतरवते, कारण माझ्या हातानं लिहिल्याशिवाय मला ती खरी वाटत नाहीत.

"ताई, तुझा अंदाज चुकला. सासूबाई मला रोज सकाळी जयभीम म्हणतात, लग्न झाल्याच्या पहिल्या दिवसापासून. त्यांच्या तोंडात तो अजून नीट बसत नाही, मधेच थांबतात, पण म्हणतात. अनिरुद्धही म्हणतो. इथं मला उत्तर मिळतं. मायच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या दारात मिळालं नाही. परत आल्यावर किती तरी दिवस माझ्या तोंडून तो शब्द निघेना. सासूबाई म्हणायच्या आणि मी नुसती मान हलवायचे. पुन्हा कुणी गप्प राहिलं तर, अशी भीती बसली होती. मग अनिरुद्धनं पिल्लू आणलं. घरात कुणी नसताना मी त्याच्यापुढे म्हणून बघायचे. ते भुंकलं की बिस्कीट द्यायचे. सहा महिन्यांनी मला सासूबाईंना पुन्हा म्हणता यायला लागलं. खेळ म्हणून केलं नाही गं. दादांना यातलं काही माहीत नाही. मी आले नव्हते असं तू त्यांना सांगितलंयस, तर तसंच राहू दे. त्यांना तुझ्याजवळ राहायचं आहे."

हे वाचून मी वहीतली कोरी पानं उलटत बसले होते. मग ठरवलं की आता मी लिहायचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी सात वाजले असतील. दादा विहारात मंडप बघायला गेले होते. मी एकटी होते. कडी वाजली, मी कवाड उघडलं, तू उभी होतीस. पांढरी साडी, हातात काही नाही, प्रवासानं केस विस्कटलेले. तरीही तू मला सुंदर दिसलीस, आणि त्या क्षणी मला तुझा सगळ्यांत जास्त राग आला. तू म्हणालीस, "ताई, जयभीम." मी तुझ्याकडे बघितलं आणि कवाड लावलं. दादा आल्यावर सांगितलं, सुकी आली नाही. दुपारी तुझा नंबर ब्लॉक केला; तेव्हा दादांकडे फोन नव्हता, माझ्या फोनवर तुमचं बोलणं झालं तर सगळं बाहेर येईल अशी भीती होती.

का लावलं, ते तुला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही. मायला मी चार महिने अंथरुणात सांभाळलं. कूस बदलणं, अंग पुसणं, सगळं. शेवटचे पाच दिवस तिची ओळख गेली. ती मला हाक मारायची, "सुके, पानी दे. सुके, इकडं ये." एकदाही शीला म्हणाली नाही. मी ओ द्यायचे. दुसरं काय करणार, तिला पाणी हवं होतं. पाच दिवस मी तुझ्या नावाला ओ दिली, सुके, आणि तुझ्या जयभीमला एकदा दिली नाही.

काल हे सगळं मी दादांना सांगितलं. दुपारी, जेवण झाल्यावर, ते बटरच्या अंगावरची गोचीड बघत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. मला वाटलं, आता ते उठतील, पिशवी भरतील आणि तुझ्याकडे निघतील. सात वर्षं मला याचीच भीती होती, म्हणून तर मी खोटं बोलले आणि खोटंच धरून बसले. ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. केशरबाईनं तवाच सांगितलं, सुकी दारातून परत गेली म्हून."

मी म्हणाले, मग तुम्ही मला काही बोलला का नाही?

"म्या म्हनलं, शीला सांगल तवा सांगल." मग बटरला बाजूला ठेवून म्हणाले, "तिला भेटाया मला परभनीला जाता येतं. तुला एकटं टाकून कुठं जाऊ? तुझ्या मायनं शेवटी तुझ्या हातचं पानी पिलं. नाव कुनाचं घेतलं, ते तिला तरी कुठं कळत व्हतं."

माझ्या डोक्यावरून हात वगैरे काही फिरवला नाही. ते तसे नाहीतच. पुन्हा गोचीड शोधायला लागले. पण मी तिथेच खाली बसले आणि बराच वेळ रडले.

आता ऐक. येत्या चौदा तारखेला रविवार आहे. मी मानवत रोड स्टेशनवरून आदल्या रात्रीच्या गाडीत बसते, सकाळी तुझ्याकडे पोचते. शाळेची रजा घेतलीय. पत्ता आहे माझ्याजवळ. तू स्टेशनवर येऊ नकोस, मला तुझ्या दारातच यायचं आहे.

जो शब्द म्हणायचा राहिला तो मी या कागदावर लिहीत नाही. कागदावर सोपा असतो. मी दारात उभी राहून तोंडानं म्हणेन. तुला उत्तर द्यायचं नसलं तर देऊ नकोस. कवाड लावलंस तरी मी बेल पुन्हा वाजवणार नाही. तू आमच्या दाराबाहेर चिंचेखाली किती वेळ उभी होतीस ते मला ठाऊक आहे, मी आतून फटीतून बघत होते. तेवढा वेळ मी तुझ्या जिन्यात थांबेन आणि मग परत येईन.

बटरला आणत नाही, दादांजवळ ठेवते. दादा म्हणत होते, घेऊन जा, तिला बरं वाटंल. पण तो सोबत असला तर तू तोंड उघडायच्या आधीच तो दोनदा भुंकून मोकळा होईल. मला त्याचं उत्तर नकोय.

शीलाताई